मूक मोडेम आणि दोष शोधण्याची रीत
(सत्तरी तालुक्यातील शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट मिळविण्याचा काळ आता सरला आहे. अमेरिकेतील एओएल कंपनीनेही आपली ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. अशा वेळी संगणकाच्या पोटातील मोडेमविषयी बोलणे काहींस अनाठायी वाटेल. परंतु सिमकार्डावर चालणारी जी मोजमापाची उपकरणे आपण आज पाहतो, त्यांतील बहुतेक मोडेम १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने रूढ केलेल्या 'एटी' आज्ञाच मानतात. लिनक्सवर त्यांचा दोष शोधावयाची वाटही बव्हंशी तीच आहे. म्हणून मी जुनीच हकीकत सांगणार आहे.

२००१ साली एका माध्यमिक विद्यालयाने पालकांच्या वर्गणीतून एक वापरलेला संगणक घेतला. परवान्याचा खर्च नको म्हणून त्यावर लिनक्स बसविले. आत मोडेमचे कार्ड होते. पण जोडणी काही होईना. पुरवठादाराने कार्ड पाहिले न पाहिले आणि "जळले आहे, नवे घ्या" असे सांगून टाकले. वर्गणीतून उरलेली रक्कम प्रयोगशाळेच्या काचपात्रांसाठी राखलेली होती. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावले व विचारले, "सर, कार्ड टाकून द्यावे का?" मी म्हटले, "बाई, आधी त्याला हाक मारून पाहू."

हाक मारावयाची ती मिनिकॉम नावाच्या कार्यक्रमातून. 'एटी' ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले की मोडेमने 'ओके' म्हणावयास हवे. एवढे झाल्याखेरीज टेलिफोनची तार, परवलीचा शब्द, सेवा देणारी कंपनी, यांपैकी कशालाही दोष देण्यात अर्थ नाही. आणि येथेच पुष्कळांची चूक होते. ते थेट नंबर फिरवितात, दहा वेळा फिरवितात, आणि टेलिफोनचे बिल वाढवून बसतात.

आम्ही 'एटी' टंकिले. पडद्यावर काहीच उमटले नाही. बाई निराश होऊन उठू लागल्या, तोच पंधरा-वीस सेकंदांनी ती अक्षरे आणि त्यांमागून 'ओके' एकदम उमटले. मला हायसे वाटले, कारण मेलेले कार्ड उशिरानेसुद्धा उत्तर देत नाही.

हा विलंब का होतो, ते नीट समजून घ्यावे. मोडेमकडे अक्षर आले की तो मुख्य प्रोसेसरला वर्दी देतो. या वर्दीस इंटरप्ट म्हणतात आणि तिला ठरलेला क्रमांक असतो. जुन्या संगणकांत पहिल्या व तिसऱ्या सीरियल पोर्टाचा क्रमांक ४, दुसऱ्या व चौथ्याचा ३ अशी रूढी होती. लिनक्स तीच रूढी गृहीत धरीत असे. आमचे कार्ड चौथ्या पोर्टावर, म्हणजे लिनक्सच्या भाषेत टीटीवायएस-३ वर होते; कारण तेथे मोजणी शून्यापासून होते. कार्ड बाहेर काढून पाहिले, तेव्हा त्यावरील जंपर, म्हणजे पिनांवर बसविलेल्या इवल्याशा टोप्या, ५ या क्रमांकावर होत्या. कोणी तरी जाणत्या माणसाने दुसऱ्या पोर्टाशी तंटा नको म्हणून तसे केले असावे. कार्ड पाचव्या दारावर वर्दी देत होते आणि लिनक्स तिसऱ्या दारावर कान लावून बसले होते. मधूनच ते आपण होऊन डोकावून पाही, तेव्हा साचलेली अक्षरे त्याच्या हाती लागत.

सेटसीरियल या आज्ञेने ५ हा क्रमांक कळविताच उत्तर तत्काळ आले. मात्र ही आज्ञा कार्डात काहीही बदलत नाही. कार्डाची खरी स्थिती काय आहे, एवढेच ती लिनक्सला सांगते. शिवाय संगणक बंद होताच ते विसरले जाते. म्हणून ती ओळ सुरुवातीच्या फायलीत लिहून ठेवावी लागते.

पुढचा अडसर 'नो डायलटोन' या संदेशाचा. तार तर ठीक होती, रिसीव्हरमध्ये सूर ऐकू येत होता. अमेरिकेतील डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा, तर आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने कंप पावणारा. परदेशी बनावटीच्या काही मोडेमांना तो ओळखू येत नसे. 'एटीएक्स-३' असे सांगितले की मोडेम सुराची वाट न पाहता नंबर फिरवितो. जुन्या यांत्रिक एक्सचेंजवर 'एटीडीटी'ऐवजी 'एटीडीपी' द्यावे लागे, ते वेगळेच.

जोडणी झाल्यावर पीपीपीचे काम. पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग आली तर घाबरू नये. पलीकडची बाजू पीपीपी बोलू लागली एवढाच त्याचा अर्थ. आकडी पत्ता लागतो पण नाव लागत नाही, असे असेल तर रिझॉल्व्हकॉन्फ ही फाईल पाहावी. सामान्य वापरकर्त्यास परवानगी नाकारली गेली, तर त्यास डायलआउट गटात घालावे. काही लिनक्सांत त्या गटाचे नाव यूयूसीपी असते.

पण सर्वच कार्डे सुधारत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पुढच्याच महिन्यात शेजारच्या गावी गेलो. तेथील कार्ड पीसीआय खाचेत होते आणि विंडोजवर उत्तम चालत होते. हाकेला मात्र उत्तर नाही, उशिरानेही नाही. ते 'विनमोडेम' निघाले. बनावट स्वस्त पडावी म्हणून त्याचे पुष्कळसे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपविलेले होते. ल्यूसंटच्या काही चिपांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर मिळत. या चिपेसाठी मिळाला नाही. तेथे मी सीरियल पोर्टाला जोडावयाचा बाहेरचा मोडेम घेण्यास सांगितले. गुरुजींना ते रुचले नाही. माझाही इलाज नव्हता.

पहिल्या विद्यालयाचे कार्ड दोन वर्षे चालले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटात ते खरोखरच जळले. विजेचा प्लग काढलेला होता, टेलिफोनची तार मात्र तशीच राहिली होती.