शोधनिबंधातील संदर्भ

विज्ञानाच्या शोधनिबंधात दुसऱ्याचे निष्कर्ष, आकडे किंवा आकृती घेतली की त्याच जागी स्रोताची खूण येते आणि पूर्ण तपशील शेवटच्या संदर्भसूचीत. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध घेतला, तर लेखकांची नावे, वर्ष १९५३, शीर्षक, 'नेचर' हे नियतकालिक, खंड १७१, पृष्ठे ७३७-७३८ अशी नोंद होते. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात नुसता क्रमांक असतो, एपीए पद्धतीत आडनाव व वर्ष. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या मजकुरालाही संदर्भ लागतो, हे मात्र हमखास विसरले जाते. मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलली, तर तिथली पृष्ठक्रमांकाची चूकही सोबत येते.