वर्गात जात पुकारली जाते तेव्हा

आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

जूनमध्ये तुमच्यातले अनेक जण आठवी-नववीच्या वर्गावर उभे राहतील. शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेले असतील, मुदत उद्याची असेल आणि घाईत तोंडून निघून जाईल, "बी.सी.ची मुलं उभी राहा." कुणी चटकन उठेल, कुणी बाकाचा कोपरा धरून अर्धवट. बाकीचा वर्ग मान वळवून बघेल. काम अर्ध्या मिनिटाचं. पण तेरा-चौदाव्या वर्षी बरोबरीच्यांनी आपल्याला आपल्यातलं मानणं यापलीकडे मुलाला काही नको असतं, आणि आपण घाव घालतो तो नेमका तिथेच.

जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी दिली. ज्या गटांत कुणाची जात कुणाला सांगितली नव्हती, तिथे दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं सोडवत होती. दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तिथे दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरली. मुलं तशीच, बुद्धी तशीच. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक डी.एड., बी.एड. कॉलेजात तो पहिल्या आठवड्यात शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

अपमान कधी होईल याचा अदमास घेत बसलेल्या मुलाचं लक्ष फळ्यावर राहत नाही, मागच्या बाकावरच्या कुजबुजीकडे लागतं. झोप मोडते. शाळेच्या वेळेला पोटात दुखतं आणि डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही. एखादी मुलगी बोलायचीच थांबते, एखादा मुलगा मारामाऱ्या करतो. प्रगतिपुस्तकात दोघांनाही शेरा एकच : 'अभ्यासात लक्ष नाही.'

पारधी मुलांचं तर विचारूच नका. १८७१ च्या कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण वर्गात कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर आजही पारध्याच्या पोराचंच उघडलं जातं. पेटी दुसरीकडे सापडते. त्या पोराची माफी कुणी मागत नाही. पुढच्या वर्षी ते शाळेत दिसत नाही आणि आपण लिहितो, 'पालक उदासीन.'

असं मूल कोमेजलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे जरूर पाठवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वर्गात लावा. पण वर्ग आहे तसाच ठेवायचा आणि मुलाला मात्र मन खंबीर करायला सांगायचं, हे मला मान्य नाही. दुखणं त्याच्या स्वभावात नाही, आपल्या वागण्यात आहे.

फॉर्म एकेकाला जवळ बोलावून भरून घ्या. वस्तू हरवली तर दप्तरं उघडू नका, शोधायला सगळ्यांना लावा. एखादं मूल चिडवल्याचं सांगायला आलं, तर "लक्ष देऊ नकोस" म्हणून परत पाठवू नका. बसवून ऐका, तारीख टाकून लिहून ठेवा, मुख्याध्यापकांपर्यंत न्या. आणि स्टाफरूममध्ये कुणी ज्येष्ठ सहकारी "त्यांच्यात असंच असतं" म्हणाले, तर त्यांना तिथेच थांबवा. नव्या नोकरीत हे जड जाईल, याची मला कल्पना आहे. तरीही थांबवा.