सरांचा खडू
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'तुझ्या कामाबद्दल बोल' असं सांगितलंय. त्यासाठी आधी एक जुनी कबुली द्यावी लागेल.

नववीत सरांनी खडू वर फेकून विचारलं होतं, "अगदी वर पोचला, त्या क्षणी याचं त्वरण किती?" मी हात वर करून ठणकावून सांगितलं, "शून्य." मागच्या बाकांवरूनही "शून्य, शून्य" झालं. सर म्हणाले, "मग तो तिथंच लटकून राहायला हवा की!" सगळे हसले. मीही हसले, पण कळलं काहीच नव्हतं. 'वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण' हे पाठ होतं, मार्क मिळाले. इंजिनिअरिंगही त्यावरच निभावलं.

खरं तर एसटीनं आपल्याला हे रोज शिकवलं होतं. सरळ रस्त्यावर गाडी एकाच चालीनं धावत असली की उभ्यानं शेंगा खाता यायच्या. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ड्रायव्हरनं ती चाल १० सेकंदांत उतरवली तर पाय सावरतात. ४ सेकंदांत उतरवली तर आपण पुढच्याच्या अंगावर. घाटातल्या वळणावर काटा हलत नाही, तरी आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, कारण दिशा बदलली की वेगही बदलला. अंगाला कळतो तो बदल.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे काम आलं: माणूस पडला तर त्याच्या खिशातल्या मोबाइलनं ते ओळखायचं. मोबाइलमध्ये त्वरणाचा सेन्सर असतो, म्हणजे बारीक स्प्रिंगांवर तोललेलं एक इवलंसं वजन. टेबलावर स्वस्थ पडलेला फोन शून्य दाखवेल असं मी धरून चालले. त्यानं ९.८ दाखवलं. सेन्सर बिघडलाय समजून मी चक्क दुसरा फोन मागवला! टेबल फोनला तोलून धरतं, आतलं वजन मात्र स्प्रिंग ताणत राहतं. तो ताण म्हणजे ९.८. फोन उशीवर सोडला तेव्हा दोघं बरोबरीनं पडले, ताण उरला नाही, आकडा शून्याजवळ आला. मग मी तो वर फेकून झेलला. हातातून सुटल्यापासून हातात येईपर्यंत आकडा शून्याजवळच. सगळ्यात वरचा क्षण आलेखात सापडेचना. फोन तिथंही पडतच होता, वर जातानाही पडतच होता. सरांचा खडू मला तेव्हा कळला, वयाच्या ३६व्या वर्षी.

आधी शून्य, मग दणका, मग शांतता, असं दिसलं की प्रोग्रॅम घरच्यांना कळवायचा. मी तो आईच्या फोनवर घातला. एका दुपारी आई भिंतीला धरून हळूहळू खाली घसरली, उठता येईना. प्रोग्रॅम गप्प. ना पडणं, ना दणका. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. 'तू मीटिंगमध्ये असशील' म्हणून आईनंही फोन केला नाही. तासाभरानं शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. आता फोन किती वेळ हललेला नाही, हेही आम्ही बघतो. आई बरी आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आणि सर पहिल्या रांगेत आहेत, म्हणून उत्तर दुरुस्त करते. सर, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा खाली.