अपघाताची भरपाई : हिशेब कसा करावा?



आपले कापूरहोळ पुणे-सातारा हमरस्त्यावर वसलेले. इथूनच भोरचा फाटा फुटतो, इथूनच नारायणपूर-सासवडची वाट जाते. या रस्त्याने रोजगार दिला, तसे अपघातही दिले. मग प्लॅस्टर वाळायच्या आत गाडीवाल्याचा माणूस खाटेपाशी येतो. "वीस हजार घ्या, कशाला कोर्टकचेरी?" घरात चूल पेटायची असते, सही होते. वीस हजार कमी की जास्त, हे कोणी विचारत नाही, कारण मोजायचे कसे हेच ठाऊक नसते. आम्ही काही वकील नाही, बँकेतले कारकून आहोत. पण हा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनाही जमेल असा आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्याला त्यासाठी पुण्याला जावे लागते. गाडीचा विमा असेल तर रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. भरपाई म्हणजे 'योग्य' रक्कम, असा कायद्याचा शब्द आहे. ती योग्य कशी ठरते ते पाहू.

समजा, बत्तीस वर्षांचा गवंडी आहे. महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये. पुढे मजुरी वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे. स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे प्रमाण ठरवले. झाले २,५२,०००. पाय मोडल्याने त्याची कमाईची ताकद चाळीस टक्के गेली असे धरले, तर वर्षाचे नुकसान १,००,८००. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा. २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ हा गुणक आहे. उत्तर येते १६,१२,८०० रुपये. दवाखान्याची बिले, कामावर न गेलेल्या महिन्यांची मजुरी, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांचे पैसे निराळे. आता ते वीस हजार आठवा!

खरी गोम 'चाळीस टक्के' या आकड्यात आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर तीस टक्के अपंगत्व लिहिलेले असेल, तर अनेकदा ते त्या पायापुरते असते. पण नुकसान अवयवाचे मोजायचे नसून कमाईचे मोजायचे असते, असे २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट झाले. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळी जाते. कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. आमचेच बघा, पाय अधू झाला तरी टेबलापाशी बसून आम्ही खतावणी लिहू. गवंड्याला परातीवर चढता आले नाही की त्याचे काम संपले. म्हणून दाखला सारखा असला तरी भरपाई सारखी होत नाही, आणि होऊही नये. आपल्या लोकांचा धंदा अंगमेहनतीचा. तेव्हा काम नेमके कसे चालते, किती वजन उचलावे लागते, हे अर्जात सविस्तर लिहायला हवे. गृहिणीलाही 'ही कमावत नाही' म्हणून सोडू नये. घरकामाचे मोल न्यायालये रुपयांत धरतात.

कमाईचा पुरावा नसला की किमान वेतनावर भागवले जाते. म्हणून ठेकेदाराची हजेरी, खात्यावर जमा झालेली मजुरी यांचे कागद जपा. एफ.आय.आर., पंचनामा, औषधांची प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, तेव्हा चालढकल नको. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीसाठी पन्नास हजारांची सरकारी योजना आहे.

वकिलाची फी कुठून आणायची, असे भगिनी विचारतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि अपंगांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले गेले, हे काही दप्तरांत अजून समजावून सांगावे लागते. जातीचा दाखला बरोबर न्यावा.

तडजोड वाईट नाही. लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण तिच्या निवाड्यावर अपील नसते. तेव्हा आधी वरचा हिशेब कागदावर मांडावा, मगच समोरच्याचा आकडा ऐकावा. आणि रक्कम मिळाल्यावर निम्मी तरी मुदत ठेवीत राहू द्यावी. न्यायाधिकरण पुष्कळदा तसा आदेशच देते. ठेव मोडून द्या म्हणून आमच्या खिडकीशी येणाऱ्यांत जखमी माणूस थोडा आणि त्याचे पाहुणे फार असतात.