गोळी पायजेच, पण माणूसही पायजे



मी डॉक्टर नाही. सोळाव्या वर्षी डिप्रेशनच्या गोळ्या खाल्लेला पोरगा आहे, तेवढ्याच अधिकारानं बोलतो.

अकरावीला होतो. झोप उडाली, भूक मेली. वर्गात माझं आडनाव पुकारलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे, अंगारा लावा. नाक्यावरचे आपलेच कार्यकर्ते म्हणाले, ही शेठजींच्या पोरांची थेरं, मोर्चाला ये, बरा होशील. शेवटी आईनं खाडा करून सरकारी दवाखान्यात नेलं. सकाळी सातला रांग, दुपारी एकला नंबर, दोन मिनिटांत चिठ्ठी. डॉक्टर वाईट नव्हता, बाहेर शंभर जण उभे होते. पण 'काय झालं रे?' एवढं कुणी विचारलं नाही.

गोळीनं झोप आली, खोटं कशाला बोलू? पण वर्ग तोच, हसणं तेच. सहा महिन्यांनी एक समुपदेशक बाई भेटल्या. दर मंगळवारी पाऊण तास. मी म्हणालो, मी नालायक आहे. त्या म्हणाल्या, हे वाक्य तुला पहिल्यांदा कोण बोललं? आठवीतला मास्तर आठवला. मग ते वाक्य वहीत लिहून त्याचा पुरावा शोधायला लावला. सापडला नाही. रोज एक काम ठरवायचं, पाणी भरणं, लायब्ररीपर्यंत चालत जाणं, केलं की खूण. असा उठलो.

हे एकट्या माझं नाही. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त पोरापोरींवरची चाचणी २००४ साली छापून आली. १२ आठवड्यांत फ्लुऑक्सेटिनची गोळी आणि बोलण्याचा उपचार दोन्ही मिळालेल्यांत शंभरात ७१ सुधारले. नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या बोलण्यावर ४३, औषध नसलेल्या गोळीवर ३५.

त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं या गोळ्यांवर ठळक इशारा घालायला लावला, की सुरुवातीला काही पोरांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून गोळी फेकायची नाही, आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. त्या आठवड्यांत पोराजवळ माणूस पायजे.

मग बोलण्याचा उपचार पैसेवाल्यांना आणि नुसती चिठ्ठी आम्हाला, हा कुठला न्याय? २०१७ चा कायदा सांगतो, सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार हा हक्क आहे. हक्क मागायचा तर पुरा मागायचा. प्रत्येक दवाखान्यात गोळी देणाऱ्या खिडकीशेजारी ऐकणाऱ्याची खुर्ची पायजे!

तोवर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर प्रत्येक चाळीच्या भिंतीवर रंगवा. २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात.

आणि एखादा पोरगा, पोरगी आठ दिवस दिसली नाही तर खोलीची कडी वाजवा. भाषण ठोकू नका. बसा, ऐका, दवाखान्याच्या रांगेत सोबत उभे राहा. माझ्या रांगेत आई होती, म्हणून मी आज इथं उभा आहे.

जयभीम.