उसाची गाडी आणि तिचे गुणधर्म



साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. मग बैठकांतून प्रश्न निघतात. दुसरा काटा बसवावा काय? की बसवूनही गाड्या पुढे गव्हाणीपाशीच अडतील? खरोखरीचा काटा बसवून पाहायचा म्हणजे पैसा आधी जातो आणि शहाणपण मागाहून येते. म्हणून त्या रांगेचे एक प्रतिरूप कागदावर किंवा संगणकावर उभे करतात, त्यातले घड्याळ पुढे सरकवतात आणि काय घडते ते पाहतात. याला सिम्युलेशन म्हणतात. आज त्यातल्या एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. प्रतिरूपात गाडी आणायची, म्हणजे तिच्याविषयी नेमके काय नोंदवून घ्यायचे?

खऱ्या गाडीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते. बैलांची नावे, शिंगांचा रंग, गाडीवानाचे गाव. ते सगळे घेतले तर ती कादंबरी होईल. काहीच घेतले नाही, तर गाडी म्हणजे नुसता एक ठिपका. या दोहोंच्या मध्ये निवड करायची आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

हा प्रश्न १९६० नंतरच्या काही वर्षांत दोन ठिकाणी फार नेटकेपणाने हाताळला गेला. अमेरिकेतील रँड या संस्थेत हॅरी मार्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमस्क्रिप्ट नावाची संगणकभाषा तयार केली. तिचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्यांचे म्हणणे असे, की जगाचे वर्णन तीन गोष्टींनी करावे : वस्तू, त्या वस्तूंचे गुणधर्म आणि वस्तूंचे गट. गाडी ही वस्तू, वजन हा तिचा गुणधर्म आणि रांग हा गाड्यांचा गट. घटना घडली की गुणधर्माची किंमत बदलते, किंवा वस्तू एका गटातून दुसऱ्यात जाते. (याच मार्कोविट्झना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते गुंतवणुकीवरील कामासाठी.) दुसरे ठिकाण ऑस्लो. तिथे क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी सिम्युला ही भाषा रचली. पुलावरच्या टोलनाक्यापाशी थांबलेले ट्रक आणि बसगाड्या हे उदाहरण त्यांच्यासमोर होते. सर्व वाहनांना सारखे असणारे गुणधर्म एकदाच सांगावेत आणि ट्रकचे किंवा बसचे खास गुणधर्म त्यावर जोडावेत, ही सोय त्यांनी १९६७ च्या सिम्युलात केली. आजच्या कितीतरी संगणकभाषा त्याच वाटेने चालल्या आहेत.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी द्रव्य, गुण आणि कर्म असे पदार्थ सांगितले, त्याची इथे कोणाला आठवण होईल. साम्य गमतीचे आहे. ते फार ताणू नये.

आता आकडे घेऊ. हे मी हिशेबापुरते धरलेले आहेत. एक बैलगाडी २ टनांची, एक ट्रक १६ टनांचा. काट्यावर कोणत्याही वाहनाला २ मिनिटे लागतात, आणि गव्हाण तासाला १०० टन ऊस घेते. रिकाम्या गाडीचा काटा वेगळा आहे असे समजू. सकाळी ४० गाड्या एकदम आल्या, म्हणजे ८० टन ऊस. काट्याला ८० मिनिटे लागतील, गव्हाणीला मात्र ४८ मिनिटांचेच काम. चाळिसावी गाडी काट्यावर चढेपर्यंत ७८ मिनिटे उभी, आणि गव्हाण मधूनमधून रिकामी. आता तेवढाच ऊस ५ ट्रकांतून आला असे धरा. काट्याचे काम १० मिनिटांत आटोपले. पण पाचवा ट्रक पुढे गव्हाणीपाशी अर्धा तास ताटकळला. ऊस तेवढाच, वाहनेही एकदमच आलेली, पण रांग भलत्याच ठिकाणी! पहिल्या दिवशी दुसरा काटा कामाचा आहे : ४० गाड्यांचे काम सुमारे ८१ मिनिटांऐवजी ५० मिनिटांत होते. दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ निरुपयोगी. वजन हा गुणधर्म गाडीवर लिहिलाच नसता, किंवा सगळ्यांना मिळून एक सरासरी वजन दिले असते, तर हे कळले नसते. सरासरी वजनाचे वाहन रस्त्यावर एकही नसते.

रांग कुठे लागते याला महत्त्व आहे बरे का. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही कमी होते. म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळावा असे सांगतात. काट्याआधी ऊस वाळला तर वजनातली घट त्या एका शेतकऱ्याच्या पदरात. काट्यानंतर वाळला तर त्याचे वजन नोंदले गेलेले असते. पण उतारा घसरतो, आणि दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरत असल्याने ते नुकसान सगळ्यांत वाटले जाते. ज्या प्रतिरूपात तोडणीची वेळ नाही, त्याला रांगेची लांबी सांगता येईल. कोणाचे किती गेले हे सांगता येणार नाही.

इथे एक बारकावा आहे. तोडणीची वेळ हा न बदलणारा गुणधर्म. गाडी सध्या कुठे आहे, रांगेत, काट्यावर की गव्हाणीपाशी, हा बदलणारा. आणि तोडून किती तास झाले? हा लिहूच नये. घड्याळातून तोडणीची वेळ वजा केली की तो मिळतो. लिहून ठेवला तर दर मिनिटाला खोडून नवा लिहावा लागेल, आणि एकदा विसरले की सगळा हिशेब चुकला. काट्यालाही गुणधर्म असतात : मोकळा की गुंतलेला, एका वाहनाला लागणारी मिनिटे. लोक गाड्यांचे तपशील गोळा करतात आणि काट्याला विसरतात, असे पुष्कळदा होते.

शिक्षकमित्रांना हा खेळ वर्गात संगणकाशिवाय करता येईल. प्रत्येक गाडीसाठी एक चिठ्ठी करा. तीवर क्रमांक, वजन, तोडणीची वेळ आणि येण्याची वेळ लिहा. फळ्यावर घड्याळ काढा आणि ते मिनिटामिनिटाने न सरकवता एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडवा. एक मुलगा काटा होईल, एक गव्हाण. आधी जो आधी आला तो पुढे, या नियमाने खेळा. मग ज्याचा ऊस आधी तुटला तो पुढे, या नियमाने त्याच चिठ्ठ्या पुन्हा लावा, आणि दोन्ही वेळा सर्वांत शिळा ऊस किती तासांचा झाला ते मुलांकडून मांडून घ्या. कोणीतरी विचारील, की तोडणीची वेळ खरी कशावरून? तेव्हा त्यांना फडावर नेऊन मुकादमाकडे ती वेळ कुठे लिहिलेली असते का, हे विचारायला लावा.