शालेय ग्रंथालयाची तालिका
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



सकाळच्या सत्रात भाषा व गणिताचे पाठ झाले. त्या मानाने माझा विषय नीरस वाटण्याचा संभव आहे. पुस्तकांची यादी कशी करावी व ती कशी राखावी, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. यादी ती काय करावयाची, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याही मनात तेच आले होते. त्यामुळे एका विद्यार्थ्याचे नुकसान झाले, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

मी रुजू झालो त्या शाळेत एक लोखंडी कपाट होते. कार्यभार घेताना दाखल नोंदवही पुढ्यात आली. तीत सुमारे दोनशे पुस्तके नोंदलेली होती. मोजणीत चार-पाच कमी भरली. त्यांची किंमत कोणी भरावी यावर बराच खल झाला, आणि मी मनाशी ठरवून टाकले की, यापुढे एकही पुस्तक कपाटाबाहेर जाऊ द्यावयाचे नाही. त्याच वर्षी सातवीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, झाशीच्या लढाईचे पुस्तक आहे का?" मी नोंदवहीची पाने चाळली. 'झाशी' हा शब्द कोठे दिसला नाही. "नाही," असे सांगून मोकळा झालो. पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी कपाट झाडताना विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हाती आले. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या आणि झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या कोकणातील एका भिक्षुकाचे हे कथन. ते प्रथम १९०७ साली छापले गेले. भाषा जुनी आहे, परंतु निवडक पाने त्या मुलाला वाचून दाखविता आली असती. तो मात्र तोवर सातवी होऊन शाळा सोडून गेला होता. पुस्तक कपाटात होते, नोंदवहीतही होते. ते कशाविषयी आहे, एवढेच माझ्या नोंदीत नव्हते.

दाखल नोंदवही आणि तालिका यांत मोठा फरक आहे. पुस्तक कधी आले, कोठून आले, किंमत काय, हे नोंदवही सांगते. ती हिशेबाची वही आहे आणि ती हवीच. वाचणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे मात्र तालिकेचे काम. डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले सूत्र. वाचकाचा वेळ वाचवावा, हे चौथे. माझ्या कुलूपबंद कपाटात पहिल्याचा भंग होत होता, आणि माझ्या नोंदवहीत चौथ्याचा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तालिकेसाठी साडेबारा सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद अशी पत्रके सर्वत्र वापरतात. ती विकत आणण्याची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू या कामी उत्तम येते. खालच्या कडेला मध्यभागी भोक पाडून त्यातून सुतळी किंवा सायकलचा जुना स्पोक ओवावा, म्हणजे पत्रके इकडे-तिकडे होत नाहीत. पादत्राणांचे रिकामे खोके ही त्यांची पेटी. वहीत यादी केली तर नवे पुस्तक मध्ये घुसविता येत नाही, म्हणून सुटी पत्रके बरी. ज्या शाळेत संगणक आहे तेथे हीच नोंद त्यावर खुशाल करावी. मात्र वीज नसेल त्या दिवशीही मुलांना पुस्तक हवेच असते, हे लक्षात ठेवावे.

प्रत्येक पुस्तकाची निदान तीन पत्रके करावी: लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे. तिन्हींवर दाखल क्रमांक व कप्प्याची खूण असावी. लेखकाचे आडनाव आधी, मग त्याचे व वडिलांचे नाव. मुखपृष्ठावरून नोंद करू नये. आतील शीर्षकपृष्ठ उघडून तेथील नाव घ्यावे, कारण मुखपृष्ठावर चित्रकार सोयीप्रमाणे नाव कमी-जास्त करतो.

मराठीत खरी अडचण येते ती टोपणनावांची. 'वाग्वैजयंती'वर गोविंदाग्रज असते, 'रिकामपणची कामगिरी' बाळकरामांची, आणि 'एकच प्याला' राम गणेश गडकऱ्यांचा. तिन्ही एकच गृहस्थ. नोंदी तीन ठिकाणी विखुरल्या तर गडकऱ्यांचे सर्व लेखन कोणालाच एकत्र दिसणार नाही. म्हणून सर्व नोंदी 'गडकरी, राम गणेश' येथे कराव्या आणि 'गोविंदाग्रज' व 'बाळकराम' या नावांची दोन छोटी पत्रके करून त्यांवर 'गडकरी, राम गणेश पाहा' एवढेच लिहावे. केशवसुतांचे मात्र उलट करावे, असे माझे मत आहे. कृष्णाजी केशव दामले या नावाने कविता शोधीत येणारा मूल मी अद्याप पाहिलेला नाही. तेथे मुख्य नोंद 'केशवसुत' येथे आणि 'पाहा' पत्रक 'दामले' येथे ठेवावे. संतांना आडनावाने शोधण्याची रीत नाही. ज्ञानेश्वर, तुकाराम असेच लिहावे. शास्त्र काटेकोर आहे, पण मूल ज्या नावाने येईल ते दार उघडे असले पाहिजे.

पत्रके वर्णमालेच्या क्रमाने लावताना 'क्ष' व 'ज्ञ' कोठे, हा वाद हमखास निघतो. कोणी 'क्ष' ला 'क' च्या पोटात घालतात, कोणी दोन्ही अक्षरे शेवटी ठेवतात. मुले पाटीवर ही अक्षरे शेवटी गिरवितात, म्हणून शाळेत शेवटी ठेवणे मला पसंत आहे. आपण काहीही ठरवा, परंतु तो निर्णय पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. बदली होऊन येणाऱ्या गुरुजींना तो कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

विषयाचे पत्रक सर्वांत कष्टाचे, कारण त्यासाठी पुस्तक निदान चाळावे लागते. केवळ नावावर भिस्त ठेवली तर काय होते ते एका शाळेत पाहिले. तेथे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' भूगोलाच्या कप्प्यात, जिल्ह्यांच्या माहितीपुस्तकांशेजारी उभी होती. खेड्यातील तरुण शिक्षकाचीच ती कादंबरी, आणि त्या शाळेतील एकाही शिक्षकाने ती उघडलेली नव्हती. आम्ही हसलो खरे, पण हसू ओशाळवाणे होते. विषयाचे शब्द मुलांच्या तोंडचे असावेत. 'पक्षिशास्त्र' नको, 'पक्षी' हवे. 'माझा प्रवास'साठी एक पत्रक 'प्रवास' असे, दुसरे '१८५७ चा उठाव' असे आणि तिसरे 'झाशी' असे करावे. एका पुस्तकाला तीन विषय लागले म्हणून कंटाळू नये.

कप्पे लावण्यासाठी मेल्विल ड्युई यांची १८७६ सालची दशांश पद्धती जगभर रूढ आहे. तीत ज्ञानाचे दहा भाग असून ५०० हा विज्ञानाचा, ८०० साहित्याचा, ९०० इतिहास-भूगोलाचा आहे. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. प्राथमिक शाळेतील बहुतेक पुस्तके गोष्टींचीच असल्याने ती सारी याच एका अंकावर येऊन साचतील. म्हणून आपल्याकडे गोष्टी, कविता, चरित्रे, प्राणी व झाडे, यंत्रे व शोध, देश व माणसे अशा खुणा करून पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटविणे अधिक सोयीचे.

तालिका करणे हे एका सुटीचे काम. ती राखणे हे रोजचे. नवे पुस्तक आले की त्याच दिवशी शिक्का मारावा, शीर्षकपृष्ठावर आणि शाळेने ठरविलेल्या एका आतल्या पानावर दाखल क्रमांक घालावा, आणि पत्रके झाल्याखेरीज ते कप्प्यात ठेवू नये. पुस्तक हरवले तर नोंद खोडू नये. शेऱ्याच्या रकान्यात तारीख घालून तसे लिहावे, आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकास देऊ नये. त्याची पत्रके पेटीतून काढून वेगळी बांधावी, नाही तर मुले नसलेले पुस्तक शोधीत राहतील. वर्षातून एकदा पडताळणी करावी.

आता हरवण्याच्या भीतीविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तपासणीस आलो की आम्ही अधिकारी प्रथम नोंदवही मागतो, पुस्तके मोजतो आणि संख्या जुळली की सही करतो. त्यांतील किती वाचली गेली, हे मीही कित्येक वर्षे विचारले नाही. आमच्या या रीतीनेच कपाटांना कुलपे लागली, हे मला कबूल केले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके मिळावीत, असे म्हटले आहे. कुलपाआडच्या पुस्तकांनी ही अपेक्षा पुरी होत नाही. वापराने फाटलेले किंवा हरवलेले पुस्तक नियमाप्रमाणे मंजुरी घेऊन निर्लेखित करता येते. देवघेव वहीत ते कोणाकडे, कोणत्या तारखेस गेले याची नोंद असेल तर शिक्षकाची बाजू भक्कम राहते. ही नोंद नसताना जो त्रास होतो तो मी स्वतः भोगला आहे.

पुढील परिषदेस प्रत्येक शाळेने वीस पुस्तकांची पत्रके आणावीत, अशी विनंती आहे. ती पाचवी ते सातवीच्या मुलांकडून लिहवून घेतली तरी चालेल. शुद्धलेखनाच्या चुका आपण येथे बसून दुरुस्त करू. आणि शाळाभेटीस येईन तेव्हा नोंदवहीपूर्वी पत्रकांची पेटी मागेन व वर्गातील एखाद्या मुलास विषय सांगून पुस्तक शोधावयास लावीन.